मोगऱ्याला पाणी कुणी घातलं

मंगळवेढा,
रविवार, २७ जानेवारी १९७४

दाक्षायणी,

तुला राग आला असेल. येऊ दे. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली आणि त्याच आठवड्यात मीही उठलो. कॉलेज सोडलं म्हणजे सोडलं. सरांनी भर वर्गात म्हणावं, "मंगळवेढ्याच्या पोरांनी ज्वारी उपटावी, इंग्रजी हे त्यांचं काम नव्हे," आणि मी खाली मान घालून बसावं? "उपटतो," म्हणालो आणि वही बाकावर आपटून बाहेर पडलो. आता खरंच उपटतोय. आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपसून काढतात. चार दिवसांत दोन्ही तळहातांना फोड आलेत. दादा माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, तेही भाकरी वाढताना. "आरं गुरू, दीड वरीस मामाच्या घरात जेवलास, निघताना पाया तरी पडायचं हुतंस की."

मामांच्या पाया पडायला थांबलो असतो तर तुझ्याकडं बघावं लागलं असतं.

आपल्यात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क, असं सगळे धरूनच चालतात. मला हक्क नको. मला तुझ्या तोंडून पाहिजे. म्हणून तर आदल्या संध्याकाळी परसात विचारलं. तू पाण्याच्या पिंपावर झाकण ठेवलंस आणि म्हणालीस, "मोगरा फुलला की सांगते."

बरं. मोगरा फुलेपर्यंत थांबतो. पण तो माझा मोगरा आहे हे लक्षात ठेव. ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन मीच इथून आणलेली फांदी आहे ती. गेल्या वर्षी सात फुलं आली, सातही तू माळलीस. रोज संध्याकाळी दोन तांबे पाणी घाल. दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नकोस.

आई सांगत होती, माझी मागची खोली मामांनी दुसऱ्याला दिली. कुणाला?

गुरुलिंग

ता. क. खुंटीवरचा माझा टॉवेल राहिलाय. तो तिथंच असू दे.

*

बाळीवेस, सोलापूर
५ फेब्रुवारी १९७४
(पोस्टकार्ड)

श्री. गुरुलिंग दाजी यांस दाक्षायणीचे शरणार्थ.

इकडे सर्व खुशाल. आत्यांना व दादांना आईचा नमस्कार सांगावा. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेवढं सोडलं तर त्रास नाही.

मागच्या खोलीत श्री. कल्लप्पा हिरेमठ म्हणून राहायला आले आहेत. अक्कलकोटकडचे आहेत. सरकारी रोपवाटिकेत नोकरीला आहेत. आईशी कानडीत बोलतात म्हणून आई खूश आहे. त्यांनी परसात टोमॅटोची रोपं लावली, मोरीचं पाणी चर काढून अळवाकडे वळवलं, दोडक्याला मांडव केला. मोगऱ्याला महिना-सव्वा महिना पाणी घालायचं नाही असं ते म्हणतात. भोवतीची माती उकरून मुळं उन्हाला उघडी केली आहेत. पानं गळून गेली. अप्पांनाही ते पटलं आहे.

टॉवेल धुऊन पेटीत ठेवला आहे.

दाक्षायणी

*

मंगळवेढा,
९ फेब्रुवारी

दाक्षायणी,

तुझं कार्ड पोस्टमनने दारातच मोठ्यानं वाचून दाखवलं. पानं गळून गेली, हे गावभर झालं.

मुळं उघडी केली! अगं, माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढून त्याला उन्हात टाकावं तसं झालं हे. आणि तू काय केलंस? बघत उभी राहिलीस? माती उकरताना तू तांब्या घेऊन बाजूला उभी असशील, "हिरेमठ, हात धुवा," म्हणत. का त्याला नुसतं कल्लप्पा म्हणतेस? का मामीसारखं कानडीत काही म्हणतेस? मला कानडी येत नाही हे तुला माहीत आहे. म्हणूनच बोलत असशील.

त्या माणसाचं मला सगळं दिसतंय. माझ्या खोलीत झोपतो, माझ्या खुंटीला शर्ट अडकवतो, माझ्या खिडकीतून परसात बघतो. त्या खिडकीतून काय दिसतं ते मला ठाऊक आहे. सकाळी केस सोडून तू तुळशीला पाणी घालतेस ते दिसतं. दीड वर्ष मी पुस्तक उघडं ठेवून तेच बघत होतो, इंग्रजी कुठून येणार?

सरकारी नोकर असला म्हणून काय झालं. तू फुलल्यावर सांगते म्हणालीस, आणि आता फुलायचं झाडच मारून टाकतेस. मग सरळ नाही म्हण की! रोपवाटिकेतला माणूस कशाला मध्ये पाहिजे?

आजच्या आज मुळांवर माती ओढ आणि पाणी घाल. त्याच्यादेखत घाल.

गुरुलिंग

*

बाळीवेस, सोलापूर
१६ फेब्रुवारी
(आंतर्देशीय पत्र)

दाजी,

हे चिकटवून पाठवते आहे, पोस्टमनला वाचता येणार नाही. तुमचं मात्र अप्पांनी फोडलं. दुकानाच्या पत्रांत आलं, त्यांना वाटलं व्यापाऱ्याचं आहे. जेवायला बसल्यावर मला एवढंच विचारलं, "सकाळी तुळशीला पाणी घालताना केस बांधून घालता येत नाही का गं?" मी ताटातून उठले. आई विचारतेय काय झालं, काय झालं. काय सांगू?

मी त्यांना हिरेमठ अण्णा म्हणते. झालं समाधान? त्यांनी मातीत हात घालायच्या आधी मला विचारलं होतं, हे झाड कुणी लावलं. मी म्हणाले, आमच्या आतेभावाने. तर म्हणाले, "लावलंय छान, पण लाडावलंय. रोज पाणी पिऊन नुसतं पानांवर बसलंय." सात फुलांत तुम्हाला केवढा आनंद. ते म्हणतात, याला शंभर यायला पाहिजेत.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. जूनमध्ये फॉर्म भरलात तर मागची खोली पुन्हा तुमची, असं अप्पांनी आपणहून म्हटलंय. ते त्या सरांवरही चिडलेत, पण वही आपटून निघून येण्यावर जास्त चिडलेत. "असा पोरगा उद्या बायकोपुढंही ताट आपटून जाईल," असं म्हणाले. माझ्याकडं बघून म्हणाले.

शिवरात्रीला आम्ही सगळे दोन दिवस कुडल संगमाला जाणार. हिरेमठ अण्णा गावी जाणार. घराची किल्ली शेजारच्या चंद्रव्वांकडे ठेवू. तेव्हा दोन दिवस पत्र टाकू नका, दारात पडून राहील आणि कुणीही उचलेल.

मोगऱ्याची काळजी करू नका. मी फुलल्यावर सांगते म्हणाले, ते फुलावं म्हणूनच म्हणाले.

दाक्षायणी

*

मंगळवेढा,
२५ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड)

सौ. मामी व श्री. मामा यांना साष्टांग नमस्कार. चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

इकडे ज्वारीची काढणी संपली. खळं चालू आहे. कडबा चांगला आहे. शिवरात्रीला मी कुठेच गेलो नाही. दोन्ही दिवस रानातच होतो. तुमचं कुडलचं दर्शन चांगलं झालं असेल. परसातली झाडं बरी असतील.

आपला,
गुरुलिंग

*

बाळीवेस, सोलापूर
८ मार्च
(पोस्टकार्ड)

श्री. गुरुलिंग दाजी यांस शरणार्थ.

सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. इथे एक भांडण झालंय. कुडलहून आलो तर पिंप कोरडं ठाक. जाताना काठोकाठ भरून झाकून ठेवलं होतं. नळ दुसऱ्या दिवशी येणार, घरात प्यायला थेंब नाही. किल्ली चंद्रव्वांकडे होती म्हणून आईचा त्यांच्यावर संशय आला. आई म्हणाली, "मागितलं असतं तर दोन घागरी दिल्या असत्या की, असं सगळं उपसून न्यायचं?" चंद्रव्वा म्हणाल्या, "अय्यो शिवा! मी तुमच्या पाण्याला शिवले असेन तर माझी जीभ झडेल." आता दोघी बोलत नाहीत. पंधरा वर्षं एका भिंतीवरून ताक-भाजीची देवघेव चाललेली, ती बंद झाली. चंद्रव्वा तेव्हापासून धड जेवत नाहीत, असं त्यांची सून सांगत होती.

मोगरा मात्र हिरवागार झाला आहे. एवढी पानं कधीच आली नव्हती. हिरेमठ अण्णा रोज त्याच्यापुढं उभे राहून डोकं खाजवतात.

दाक्षायणी

*

मंगळवेढा,
१२ मार्च

दाक्षायणी,

हिरवागार झाला! मला माहीत होतं!

डोकं खाजवू दे त्याला. रोपवाटिकेत पगार घेऊन जे कळलं नाही ते मला कळलं. आता तुला सांगतोच. मोगरा जगला तो माझ्यामुळं जगला. शिवरात्रीला सकाळच्या पहिल्या गाडीनं मी सोलापूरला आलो. चंद्रव्वांकडं किल्ली मागायला गेलो तर त्यांच्या दाराला कडी, त्याही देवळात गेल्या असतील. मग काय, बोळातून मागच्या भिंतीवर चढलो आणि परसात उडी मारली. उजव्या गुडघ्याची पँट फाटली.

दाक्षा, काय ती त्याची अवस्था! नुसत्या काड्या. मुळं उघडी, वाळून तांबडी पडलेली. आणि चार हातांवर त्याचे टोमॅटो कसे टवटवीत! स्वतःच्या रोपांना पाणी आणि माझ्याला ऊन. मी दोन्ही हातांनी मुळांवर माती ओढली, फोड फुटून रक्त आलं तरी ओढली, आणि पिंपातून घागरी भरभरून ओतल्या. चार ओतल्या, मग म्हटलं आणखी दोन. सहाव्या घागरीला पिंप संपलं. तेव्हा तुमच्या पाण्याचा विचार मनात आला नाही, खरं सांगतो. माती पाणी पीत होती आणि मी नुसता बघत होतो.

खोलीत गेलो होतो. खिडकी उघडीच होती. खुंटीवर त्याचा निळा शर्ट होता. तो मी खाली टाकला. तेवढंच केलं, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. टोमॅटो उपटावे असं वाटलं होतं. उपटायची सवय आहे आता. पण नाही उपटले. याचं श्रेय मला दे.

चंद्रव्वांचं वाईट वाटलं. त्यांना तूच काहीतरी सांगून टाक, मांजरानं पिंप लवंडलं म्हण. आता पानं आलीत, म्हणजे कळ्या येणारच. कळ्या आल्या की फुलं. मी दिवस मोजतोय.

तुझा (असं लिहू का?)
गुरुलिंग

*

बाळीवेस, सोलापूर
१८ मार्च
(आंतर्देशीय पत्र)

गुरुलिंग दाजी,

असं लिहू नका.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि परसात जाऊन त्या पानांकडं बघत बसले. तुम्हाला काय केलंत ते अजून कळलेलं नाही, म्हणून सांगते. हिरेमठ अण्णांनी मला समजावलं तसंच सांगते, तुम्हाला त्यांचं नाव आवडो न आवडो.

मोगऱ्याला हिवाळा सरताना ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, मुळं उघडी करायची, पानं गळू द्यायची. झाडाला वाटलं पाहिजे की आता आपलं काही खरं नाही. मग छाटणी करायची, शेणखत घालायचं, आणि त्यानंतर पाणी सोडायचं. तेव्हा ते झाड जीव खाऊन फुलतं. दहा-बारा दिवस राहिले होते हो. फक्त दहा-बारा. तुम्ही छाटणीच्या आधीच सहा घागरी ओतल्या, ते पुन्हा लाडावलं, सगळा जोर पानांत गेला. पाडव्याला पहिली फुलं यायची होती. आता पाडवा सहा दिवसांवर आलाय आणि कळी एक नाही.

पाडव्याचं का म्हणते ते ऐका. हे तुम्हाला लिहायचं नव्हतं. हिरेमठ अण्णांच्या घरून अप्पांकडं माझ्यासाठी विचारणा आली आहे. अण्णा याबद्दल माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, त्यांच्या काकांनी पत्र लिहिलं. मुलगा सरकारी नोकरीत, घर शेताभाताचं, आपल्यातलं. अप्पा म्हणाले, तुझं काय? मी म्हटलं, पाडव्यापर्यंत थांबा, मोगरा फुलला की सांगते. अप्पांनी तुमचं पत्र वाचलेलं आहे. त्यांना कळलं. तरी ते "बरं" म्हणाले. पहिली ओंजळ सिद्धेश्वराला वाहून, देवळाच्या पायरीवरच अप्पांना सांगायचं, असं मी मनात धरलं होतं. धीर लागतो हो अशा गोष्टीला. फुलं हातात असली की आला असता. ते तुम्ही बुडवलंत.

आणि शर्ट. तो खाली पडला तिथं खोलीतली गंज लागलेली ओली बादली होती, तिला टेकून राहिला. आता डाग जात नाही. अण्णांनी आईला विचारलंसुद्धा नाही, तोच शर्ट घालून कामाला जातात.

चंद्रव्वांना मी मांजराचं सांगणार नाही. त्या आजारी पडल्यात. तुम्ही घरातल्या सगळ्यांना लिहा. कार्डावर लिहा, पोस्टमनसकट सगळ्यांना वाचता येईल असं. नाही लिहिलंत तर मीही मग अप्पांना सांगायला फुलांसाठी थांबणार नाही, आणि जे सांगेन ते तुम्हाला आवडणार नाही.

दाक्षायणी

*

मंगळवेढा,
२० मार्च
(पोस्टकार्ड)

ती. मामा, ती. मामी यांना साष्टांग नमस्कार. हे कार्ड चंद्रव्वांना मोठ्यानं वाचून दाखवावं.

तुमच्या पिंपातलं पाणी मी संपवलं. शिवरात्रीला भिंतीवरून उडी मारून आलो आणि सहा घागरी मोगऱ्याला घातल्या. २५ तारखेच्या कार्डात कुठेच गेलो नाही असं लिहिलं ते खोटं होतं. चंद्रव्वांचा यात काही दोष नाही. मी त्यांच्या पाया पडायला येतो. मामी, तुमच्याही. मामा, तुमच्या पाया निघताना पडलो नाही ते राहिलं आहेच.

श्री. हिरेमठ यांस : तुमचा शर्ट मी खाली टाकला. नवीन कापड घेऊन देईन. ताण म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडं ज्वारीला नुसतं दव पुरतं, तिला कुणी ताण देत नाही, तिचा जन्मच त्यात जातो. तुम्ही टोमॅटोला पाणी घालत होता म्हणून मला राग आला.

हे कार्ड वाचून झाल्यावर इथला पोस्टमन मला म्हणाला, "लई झालं की रं पोरा, आता पेटीत टाक."

गुरुलिंग सिद्रामप्पा

*

बाळीवेस, सोलापूर
२९ मार्च
(आंतर्देशीय पत्र)

दाजी,

तुमचं कार्ड पाडव्याच्या आदल्या दिवशी आलं. अप्पांनी ते वाचलं आणि आईच्या हातात दिलं. आई कार्ड घेऊन तशीच, पदर सावरत, चंद्रव्वांच्या दारात गेली. पहिल्या चार ओळी वाचून तिला पुढं वाचवेना, तर चंद्रव्वाच म्हणाल्या, "वाच की गं, पोरगं एवढं लिहितंय." मग दोघी रडल्या, आणि मग शर्टाच्या ओळीला दोघी हसल्या. पाडव्याला त्यांच्याकडून कडुनिंबाची चटणी भिंतीवरून आली.

अण्णांना कार्ड मी दिलं. त्यांनी ते परसात उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावर मोगऱ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं पाणी कुणी उगाच घालत नाही." संध्याकाळी त्यांनी काकांना पत्र टाकलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, पण विचारणा थांबली.

पाडव्याला मोगऱ्याला फूल नव्हतं. मी कडुनिंबाचा तुरा केसात खोवला आणि अप्पांबरोबर सिद्धेश्वराला गेले. पायरीवर बसून अप्पांना जे सांगायचं ते सांगितलं. काय सांगितलं, ते आत्यांना विचारा. अप्पांनी त्यांना वेगळं पत्र घातलं आहे. तुम्हाला मी फुलल्यावरच सांगणार, ठरलंय ते ठरलंय.

अण्णांची मोहोळला बदली झाली. त्यांनीच मागून घेतली. काल गेले. जाण्याआधी मोगरा छाटून दिला, पानं ओरबाडली, मुळं पुन्हा उघडी केली. एका कागदावर लिहून ठेवलंय, इतके दिवस पाणी नाही, मग इतकं खत, मग पाणी. म्हणाले, उशीर झालाय, शंभर येणार नाहीत, पण वैशाख सरताना थोडी येतील. जाताना छाटलेल्या काड्यांतली एक मागितली. मी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली.

टॉवेल पेटीतून काढून खुंटीला लावलाय. जूनच्या फॉर्मची तारीख कळवीन.

दाक्षायणी

*

मंगळवेढा,
३ एप्रिल १९७४

दाक्षा,

मामांचं पत्र आईला परवा आलं. मी रानातून आलो तर ती दारातच गूळ घेऊन उभी. माझ्या तोंडात खडा कोंबला आणि म्हणाली, "तुला काय सांगायचं न्हाय असं लिवलंय, म्हणून मी सांगत न्हाय." आणि दिवसभर हसत हिंडली. दादा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "कॉलेजात बाक धरून बस आता. आपटायला वही नेऊ नगंस."

मी फॉर्म भरतो. त्याच सरांच्या वर्गात, पहिल्या बाकावर बसतो. मला काय म्हणायचं ते म्हणू देत.

मोगऱ्याला पाणी घालू नकोस. ऊन कितीही झालं, काड्या कितीही वाळल्या, तरी घालू नकोस. मी आलो आणि तांब्या हातात घेतला तर माझ्या हातातून काढून घे.

हिरेमठ माणूस चांगला. हे लिहायला मला दोन दिवस लागले. निळ्या शर्टाचं कापड मी मोहोळला पोस्टानं पाठवतोय. पत्ता बरोबर आहे ना ते कळव. आणि तू त्याला काडी दिलीस ते बरं केलंस. मागितल्यावर द्यावी लागते. पण फडकं कुठलं दिलंस? माझ्या फांदीचं, एसटीतून आणलेलं, ते हिरव्या काठाचं? ते तर नाही ना दिलंस?

असो. दिलं असलं तरी असो.

फक्त एवढंच कर. त्याची काडी मोहोळला जगू दे, फुलू दे, शंभर फुलं येऊ देत तिला. पण ती आपल्या मोगऱ्याच्या आधी फुलली, तर ते मात्र मला कळवू नकोस.

गुरुलिंग